पूर्वा नक्षत्रातली जोडी, १ मिनिट १९ सेकंदांच्या अंतरावर

माझ्या निरीक्षणाच्या वहीची पहिली अकरा पानं खोटी आहेत. जे लिहिलं ते डोळ्यांनी बघूनच लिहिलं, खरं बघितलं ते भलतंच होतं. (आमच्या बेळगावात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, तेवढं सांभाळून घ्या.) वर मथळा ‘एम ६५ आणि एम ६६’ (चार्ल्स मेसिएच्या यादीतल्या ६५ आणि ६६ क्रमांकाच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दूरचे समूह), खाली दोन पुसट डागांची चित्रं, तारीख, वेळ, आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगाचा) आकडा, सगळं नीट. पुढच्या वर्षी घड्याळ लावून बघितलं तेव्हा कळलं की अख्खा उन्हाळा मी शेजारच्या जोडीकडे, एम ९५ आणि एम ९६ कडे, बघत बसलो होतो. त्याही सर्पिल दीर्घिका, त्याही सिंह राशीत, आणि लहान दुर्बिणीतून त्याही नुसते दोन डाग. तुमची तरी अकरा पानं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

मी उद्यमबागेत लेथवर टर्नर आहे. दुर्बीण सहा इंची आरशाची, १२०० मिलिमीटर फोकल लांबीची, डॉब्सोनियन पद्धतीच्या लाकडी पेटीवर फिरणारी. पेटी आणि बेअरिंग मी स्वतः केलं. त्याआधी एक घेतली होती, खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेली. तिच्यातून शेजारच्या गच्चीवरची टाकी छान दिसायची. पटींच्या मागे लागू नका. आरसा किंवा भिंग किती रुंद ते बघा, आणि आकाश किती काळं ते बघा. या कामाला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची.

आधी दिवस ठरवा, मग जागा.

या दोन दीर्घिका पूर्वा फाल्गुनी नक्षत्राला लागून आहेत. शेतकऱ्याला पूर्वा म्हटलं की पाऊस आठवतो. माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पूर्वा? मग तवा भात पोटऱ्यात असतंय की, आभाळ कुठलं दिसतंय!” त्यांचंही बरोबर. पावसाची पूर्वा म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात असतो ते दिवस, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा ही जोडी सूर्याबरोबर दिवसा उगवते आणि दिवसा मावळते. आपल्याला पाहिजे ते बरोबर सहा महिने उलटं, म्हणजे फाल्गुन आणि चैत्र.

फाल्गुन म्हटलं म्हणून कोणी होळीच्या रात्री दुर्बीण काढेल, तर ती चूक मी करून झालोय. महिन्याचं नाव फाल्गुन पडलं तेच मुळी पौर्णिमेचा चंद्र फाल्गुनी नक्षत्रांच्या आसपास असतो म्हणून. म्हणजे शिमग्याला चंद्र नेमका आपल्या जोडीच्या उरावर बसलेला असतो. काही दिसत नाही. पाडव्याच्या आदल्या चार-पाच रात्री धरा. पाडवा आमच्याकडे दोन्ही भाषांत एकाच दिवशी, म्हणजे मराठी घरात गुढी आणि कन्नड घरात युगादी, आणि दोघांच्याही आदल्या रात्री अमावास्या. त्याच्या पुढची चैत्री अमावास्याही चालते, फक्त वळवाच्या ढगांशी शर्यत असते. थंडीचा शेवट आवडत असेल तर महाशिवरात्र उत्तम. जागरण असतंच, घरी कारण द्यावं लागत नाही, आणि साडेअकराच्या सुमारास सिंह पूर्वेला चांगला वर आलेला असतो.

वेळेचं एक गणित लक्षात ठेवा. बेळगाव साधारण पावणेसोळा अंश अक्षांशावर, आणि जोडी विषुववृत्ताच्या उत्तरेला तेरा अंशांवर. म्हणून ती आपल्या जवळजवळ डोक्यावरून जाते, तीनेक अंशांचा फरक. २० मार्चच्या सुमारास ती रात्री बाराला डोक्यावर येते, एप्रिलच्या मध्यावर सव्वादहाला. डोक्यावर म्हणजे हवेचा थर सगळ्यात पातळ, ऐकायला छान. खरं डॉब्सोनियनवाल्यांचे तिथंच हाल. नळी सरळ वर उभी राहिली की पेटी कितीही फिरवा, नळी आडवी सरकतच नाही, जागच्या जागी गरगरते. म्हणून डोक्यावर येण्याआधी दीड ते दोन तास बघायला बसा. जोडी तेव्हा बऱ्यापैकी उंच असते आणि पेटीही ऐकते. तीन पायांच्या स्टँडवर भिंगाची दुर्बीण असेल तर मान मोडण्याआधी नव्वद अंशांचा डायगोनल (नजर काटकोनात वळवणारा आरसा) लावा.

जागा. बेळगाव शहरातून ही जोडी विसरा. मी सासुरवाडीला जातो, जांबोटीच्या अलीकडे, सासऱ्यांच्या काजूच्या बागेमागे एक खळं आहे तिथं. बेळगावचा उजेड उत्तरेला आणि थोडा ईशान्येला क्षितिजावर दुधासारखा सांडलेला दिसतो, बाकी आभाळ काळं. उजेडापेक्षा मला धुराची भीती जास्त. खानापूरकडच्या वीटभट्ट्या, शेतातली भाजावळ, यांचा धूर मार्चमध्ये संध्याकाळी खाली बसतो आणि दीर्घिका खाऊन टाकतो. वळवाची एक सर पडून गेली आणि रात्री आभाळ उघडलं, तर सगळी कामं टाकून जा. अशी धुतलेली रात्र वर्षातून दोन किंवा तीन मिळते. रानात मात्र शिरू नका. भीमगडच्या बाजूला अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि अंधारात लाल बॅटरी घेऊन उभ्या माणसाला वनखात्याचा माणूस काय समजेल सांगता येत नाही. ओळखीच्याचं शेत, घराला हाक ऐकू जाईल एवढं अंतर, बस्स.

आकाश पुरेसं काळं आहे का ते विचारायला ॲप लागत नाही. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. सिंहाचा मागचा भाग म्हणजे तीन ताऱ्यांचा काटकोन त्रिकोण, सुताराच्या गुण्यासारखा. डावीकडचा आणि कोपऱ्यातला हे दोन तारे म्हणजे पूर्वा फाल्गुनी, आणि खालचा ठळक तारा म्हणजे उत्तरा. गुण्याच्या कोपऱ्यातला तारा थीटा. त्याच्या खाली उजवीकडे, हात लांब करून धरलेली तीन बोटं मावतील एवढ्यावर, चौथ्या प्रतीचा आयोटा (प्रतीचा आकडा मोठा तेवढा तारा मंद). हा दिसला पाहिजे. या दोघांच्या मध्ये, थोडा थीटाच्या बाजूला, ७३ सिंह नावाचा ५.३ प्रतीचा बारका तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसला तर रात्र पहिल्या दर्जाची. आयोटाच दिसत नसेल तर खुशाल घरी जाऊन झोपा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो. मोबाईल एकदा जरी बघितला तरी तो अर्धा तास परत पहिल्यापासून. बॅटरीला मी पेढ्यांच्या पुड्यावरचा लाल जिलेटीन कागद दोन घड्या करून रबरानं बांधतो.

आता नेम. थीटा आणि आयोटा यांना जोडणारी रेघ मनात काढा. जोडी जवळजवळ बरोबर मध्यावर आहे. मी पहिल्या वर्षी इथंच घसरलो. सिंहाच्या पोटाखाली शोधत गेलो, दोन डाग सापडले, आणि आनंदात पुढची तपासणी केलीच नाही. आता असं करतो. सगळ्यात कमी पटीचा आयपीस लावा. माझा २५ मिलिमीटरचा, ४८ पट, साधारण एक अंशाचं वर्तुळ दिसतं. फाइंडरमधून (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतून) ७३ सिंह पकडा आणि आयपीसच्या मधोमध आणा. आता दुर्बिणीवरचा हात काढा. अगदी काढा. पृथ्वी फिरते आहे, तिला काम करू द्या. तीन मिनिटांनी एम ६५ आपोआप मध्यभागाच्या जवळ येते, ताऱ्यापेक्षा किंचित दक्षिणेला. तिच्यामागून एम ६६.

इथं घड्याळ काढा. एम ६५ वर्तुळाच्या मधल्या उभ्या रेषेवरून गेली की सुरू, एम ६६ गेली की बंद. १ मिनिट १९ सेकंद आले पाहिजेत. माझे आजवर आलेले आकडे १:१६, १:२२, १:१९, १:२०. डोळ्यांनी मधली रेषा ठरवायची असल्यानं तीन-चार सेकंद इकडं-तिकडं होणारच. एम ९५ आणि एम ९६ असत्या तर २ मिनिटं ४८ सेकंद आले असते. माझे त्या दुसऱ्या वर्षी तेच आले आणि खळ्यात उभ्या उभ्या माझे कान गरम झाले. गेज लावल्याशिवाय जॉब पास करायचा नाही हे मी रोज हाताखालच्या पोरांना सांगतो.

हे सेकंद नुसती ओळख पटवत नाहीत, अंतरही देतात. आकाश एका सेकंदाला पंधरा विकला सरकतं (एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला). ७९ गुणिले १५, त्यात तेरा अंशांच्या तिरकेपणाची जराशी वजावट, म्हणजे सुमारे १९ कला, आणि ६६ थोडी दक्षिणेला असल्यामुळं प्रत्यक्ष अंतर २० कला. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण ३१ कला असते. म्हणजे दोघींच्या मधलं अंतर चंद्राच्या दोन तृतीयांश. जोडी पृथ्वीपासून सुमारे ३ कोटी ३० लाख प्रकाशवर्षांवर आहे. २० ला ३४३८ नं (एका रेडियनमध्ये एवढ्या कला) भागून या आकड्यानं गुणा, जवळजवळ दोन लाख प्रकाशवर्षं येतात. हे किमान. एक पुढं, एक मागं असेल तर जास्त. लेथवरच्या माणसानं मोबाईलच्या घड्याळानं दोन दीर्घिकांमधली फट मोजली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

ते ३ कोटी ३० लाख मात्र आपल्याला मोजता येत नाहीत. एम ६६ मधले सेफीड तारे, ज्यांचं तेज ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होतं, ते हबल दुर्बिणीनं टिपले आणि त्यावरून हे अंतर आलं. ताम्रसृतीवरून, म्हणजे लांब जाणाऱ्या वस्तूचा उजेड लालीकडे सरकतो त्यावरून, वेगही काढले आहेत. एम ६५ सेकंदाला सुमारे ८०७ किलोमीटरनं आणि एम ६६ सुमारे ७२७ किलोमीटरनं आपल्यापासून लांब जाते. या वेगांवरून सरळ त्रैराशिक मांडून अंतर काढायला जाल तर दोघींमध्ये तीस-पस्तीस लाख प्रकाशवर्षांची फट येईल, आणि ते चूक आहे. एकाच गटातल्या दीर्घिकांना आपापली धावही असते, ती या आकड्यांत मिसळलेली आहे. बैलगाडी शर्यतीत एक जोडी क्षणभर पुढं दिसली म्हणून ती दुसऱ्या गावाहून सुटली असं होत नाही.

दगडावर बसून बघताना एक हिशेब मला नेहमी आठवतो. दख्खनचा काळा पाषाण जिथं दक्षिणेला संपत येतो तिथं बेळगाव आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आता डोळ्यांत शिरणारा उजेड तिकडून निघाला तेव्हा त्या लाव्ह्याला थंड होऊन बरोबर निम्मा काळ झाला होता.

बघायचं कसं? सरळ बघितलं तर दोन्ही विझतात. डोळ्याच्या मधल्या भागाला रंग आणि बारकावे कळतात, मंद उजेड कडेच्या भागाला जास्त कळतो. म्हणून नजर डागापासून थोडी बाजूला ठेवा आणि लक्ष डागावर. बायकोला सांगितलं, “लग्नात मुलगी बघायला गेल्यावर बघतात तसं,” तर ती म्हणाली, “तुम्ही तर बशीतल्या पोह्याकडं बघूलालासा.” असो. नळीला बोटानं हलकी टिचकी मारा. हललेली मंद वस्तू डोळ्याला पटकन कळते. श्वास आयपीसवर सोडू नका.

रंग दिसणार नाही. फिरत्या सोंडा दिसणार नाहीत. फोटो बघून आलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया “एवढंच?” अशी असते आणि मी रागावत नाही. एम ६६ ची प्रत ८.९ आणि एम ६५ ची ९.३, तीही एका ठिपक्यात नाही, चांगल्या मोठ्या डागावर पसरलेली.

खरं आता दोघींना एकमेकींशी ताडून बघा, सगळी मजा तिथं आहे. एकटी एम ६५ बघितली तर तो एक डाग. शेजारी ६६ असली की ती मोजपट्टी होते. १५ मिलिमीटरचा आयपीस लावा, ८० पट, दोन्ही अजून एकाच वर्तुळात मावतात. आधी लांबी-रुंदी. एम ६५ चाती सारखी, सडपातळ, जवळजवळ उत्तर-दक्षिण. मोठ्या फोटोंवरून तिचा आकार सुमारे १० कला लांब आणि ३ कला रुंद. एम ६६ सुमारे ९ लांब आणि ४ रुंद. दोन्ही मुळात गोल तबकड्या, आपल्याला तिरक्या दिसतात. एक वॉशर घ्या आणि डोळ्यासमोर हळूहळू तिरका करा. रुंदी लांबीच्या तीन दशांश उरली की तो सुमारे ७३ अंश कललेला असतो, आणि साडेचार दशांश उरली की ६२-६३ अंश. पहिला म्हणजे ६५, दुसरा म्हणजे ६६. दुर्बिणीत कडा विझलेल्या असतात म्हणून तुमच्या चित्रात दोन्ही बुटक्या येतील, खरं कोण जास्त कललेली ते बिनचूक येईल.

कडा कुठं संपते असं कोणी विचारलं तर मी उत्तर टाळतो. आमच्या भागात हद्द हा शब्द काढला की चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. दीर्घिकेची हद्द जितका वेळ बघाल तितकी बाहेर सरकते.

मग मधला भाग बघा. एम ६५ चा गाभा मधोमध, दोन्ही बाजूला उजेड सारखा उतरत जातो. चकमध्ये नीट धरलेला जॉब, ट्रू चालणारा. एम ६६ कडे या आणि घाई करू नका, दहा मिनिटं द्या. गाभा जास्त तेजस्वी आहे, खरं भोवतीचा उजेड दोन्हीकडे सारखा नाही. एक बाजू भरलेली, दुसरी खाल्लेली. आमच्या भाषेत जॉबला रनआउट आहे, म्हणजे फिरताना तो मध्य सोडून हलतो. सासऱ्यांना मी काहीच न सांगता बघायला बसवलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाले, “एक नीट हाय. दुसरं कलंडलंय गा जरा.” मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं.

हे कलंडणं खरंच आहे. मोठ्या दुर्बिणींच्या फोटोंत एम ६६ च्या सोंडा एकसारख्या नाहीत आणि गाभा मध्यापासून सरकल्यासारखा दिसतो. मधून एक पट्टा जातो आणि त्याच्या टोकांशी नवे तारे जोरात जन्मतात. एम ६५ मध्ये वायू आणि धूळ कमी, नवे तारे कमी, जुने पिवळट तारे जास्त. घरात वादळ झालं ते एकीच्याच. कारण तिसरीच. २५ मिलिमीटरचा आयपीस परत लावा आणि दोघींच्या उत्तरेला, सुमारे ३५ कलांवर, पूर्व-पश्चिम आडवी पडलेली एक अतिशय मंद रेघ शोधा. ती एनजीसी ३६२८ (एनजीसी ही अशा वस्तूंची दुसरी यादी), विल्यम हर्शेलनं १७८४ मध्ये नोंदवलेली, आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसणारी सर्पिल दीर्घिका. तिच्या एका टोकातून ताऱ्यांची आणि वायूची सुमारे तीन लाख प्रकाशवर्षं लांब शेपटी ओढली गेलेली आहे. ती आणि एम ६६ पूर्वी एकमेकींच्या जवळून गेल्या असाव्यात, असं खगोलशास्त्रज्ञ मानतात. शेपटी आपल्याला दिसत नाही. रेघही मला चारांपैकी एकाच रात्री दिसते.

माझ्या अकरा पानांचं दुःख कमी झालं ते चार्ल्स मेसिएमुळं. त्यानं ही जोडी १ मार्च १७८० ला नोंदवली. सोबत लिहून ठेवलं की १७७३ च्या नोव्हेंबरात, १ आणि २ तारखेच्या मधल्या रात्री, तो ज्या धूमकेतूचा माग काढत होता तो नेमका या दोघींच्या मधून गेला होता, आणि तेव्हा त्याला त्या दिसल्या नव्हत्या. धूमकेतूच्या उजेडामुळं असावं, असं त्याचं म्हणणं. नजर तिथंच, नेम तिथंच, आणि बघितलं नाही! सहा वर्षं चार महिने गेले मग.

शेवटचं काम चित्राचं. पांढऱ्या कागदावर पेन्सिलनं वर्तुळ, त्यात आधी तारे, मग डाग, बोटानं पुसून. पश्चिम कुठली ते खुणेनं लिहा. हात सोडल्यावर तारे ज्या कडेनं बाहेर पडतात ती पश्चिम. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं असतं, ते सरळ करायच्या फंदात पडू नका, दिसतं तसं काढा. तारे मात्र नीट काढा, कारण ते पुढच्या वर्षी लागतात. एम ६६ मध्ये तारे बरेचदा फुटतात. १९७३, १९८९, १९९७, २००९, २०१६, एवढ्या वेळा तिथं स्फोट नोंदले गेलेत. १९८९ चा ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट इव्हान्स या पाद्र्यानं शोधला, फोटोशिवाय, दुर्बिणीला नुसता डोळा लावून. शांत म्हणवणाऱ्या एम ६५ मध्येही २०१३ च्या मार्चमध्ये एक झाला. असा तारा बहुतेक वेळा सहा इंचाच्या आवाक्याबाहेर असतो. तरी मी दर वर्षी पाडव्याच्या आदल्या रात्री जुनं चित्र लाल उजेडात गुडघ्यावर ठेवतो आणि ६६ च्या भोवतीचे तारे एकेक करून मोजतो. माझ्या चित्रात पाच आहेत. यंदाही पाचच होते.